सात टायांचं झाड

एकतीस वर्षं मी जिल्ह्याच्या रस्त्यांकडेचं गवत कापलं. मे महिन्यात ट्रॅक्टरवर बसायचो, तो सप्टेंबरात उतरायचो. इतकी वर्षं टेकड्यांमधून फिरलो म्हणजे मला फुलझाडांतलं बरंच कळत असणार, असं लोकांना वाटतं. मला काही कळत नाही. मला गवताची उंची कळते. गुडघ्याच्या वर गेलं की कापायचं, एवढंच रस्ते खात्याने शिकवलं आणि तेवढंच मी शिकलो. माझी कापणी मात्र आखल्यासारखी सरळ असायची. त्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा मूर्खपणा किती आणि खात्याचा किती, ते तुम्हीच ठरवा.

चार वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या घरात मर्ना राहायला आली. मर्ना होल्टग्रेन माझ्या शाळेतली. ती पहिल्या बाकावर बसायची आणि मी शेवटच्या, आणि आज दोघंही शहात्तरचे झालो तरी तिचा आवाज अजून पहिल्या बाकावरचाच आहे. तिचा नवरा हार्लन गेला, गुरांची रँच विकली गेली आणि ती गावात आली. येताना तिने तीन खुर्च्या, मोठा फ्रीझर, हार्लनचे सात टाय आणि कॉफीच्या डब्यात भरलेलं बी आणलं.

बी निळ्या सेजचं होतं. साल्व्हियाच्या घराण्यातलं झाड, आमच्या कॅन्ससच्या टेकड्यांवर आपोआप येणारं. उन्हाळाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. गवत तांबूस व्हायला लागलं की त्यात मधूनच निळे तुरे उभे राहतात, आणि मग भुंग्यांना दुसरं काही दिसत नाही. रँचच्या फाटकाजवळ कुंपण घातलेला एक तुकडा होता, त्यात ते खंडीभर होतं. मर्नाने तिथून बी खुडलं होतं.

“झाडच का नाही आणलंस उपटून?” मी विचारलं.

“डेलमर, तू एकतीस वर्षं कापलंस, एकदा तरी खणून बघायचंस. त्याचं मूळ तुझ्या उंचीपेक्षा खोल जातं. मधे तोडलं की संपलं.”

थंडी लागली की बी बरं रुजतं म्हणून तिने ते हिवाळ्याआधीच कुंपणाच्या कोपऱ्याशी टाकलं. पदपथ तिथून हातभर अंतरावर. दुसऱ्या उन्हाळ्यात झाड पाच फूट वाढलं, सप्टेंबरात फुललं आणि पहिल्याच पावसात पदपथावर आडवं झालं. मर्नाला वाटलं बिचाऱ्याला गावची माती मानवत नाही. तिने खत घातलं. रोज संध्याकाळी पाणी घातलं. तिसऱ्या उन्हाळ्यात ते सहा फूट झालं आणि दारू प्यायल्यासारखं रस्त्यावर लोळलं.

मग नोटीस आली. आमच्या गावाला एकच कामगार आहे, रॉस्को. पाण्याचे मीटर तोच वाचतो, सार्वजनिक गवत तोच कापतो, नोटीस तोच लिहितो आणि तोच आणून देतो.

“मर्नाकाकू, माझ्यावर चिडू नका,” तो टोपी काढून म्हणाला. “कौन्सिलने ठरवलंय. लोइसबाईंची काठी अडकली त्यात.”

“लोइस रस्त्यावरच्या रेघेतही अडकते.”

“ते खरंय. पण पुढच्या वर्षी झाड पुन्हा पदपथावर पडलं, तर मुळासकट काढायला सांगितलंय मला.”

“मुळासकट? त्याला विहीर खणावी लागेल, बाळा. विहीर.”

ती हसली, पण तो गेल्यावर बराच वेळ हातातला कागद दुमडत बसली. त्या चाळीस वर्षांच्या रँचवरचं आता तिच्याकडे एवढंच उरलं होतं. जमीन दुसऱ्याची, घर दुसऱ्याचं, गुरं तर कधीच गेली. शेजारी बसलेल्या माणसाला ते दिसत होतं.

चौथ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातच, तिने झाड कुंपणाला बांधून टाकलं. गवताच्या गठ्ठ्यांची दोरी आमच्याकडे घरोघरी लोळत पडलेली असते. तिने दोरी वापरली नाही, हार्लनचे टाय वापरले. हार्लन टाय लावायचा तो लग्नाला आणि अंत्यविधीला. त्यात एक बदकांचा होता, एक मोहरीच्या रंगाचा होता, आणि एकावर कोणीतरी ग्रेव्ही सांडली होती, तो डाग अजून होता. सात टाय, सात गाठी. गावातले लोक गाडी हळू करून बघायचे. “हार्लन जिवंतपणी एवढा नटला नव्हता,” मी म्हणालो, तर मर्ना इतकी हसली की चहा सांडला.

मर्नाच्या व्हरांड्याबद्दल सांगायला हवं. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा दूर असतो, ख्रिसमसला फोन करतो. दिवसभरात “काय जेवलास?” असं मला विचारणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते रोज चार वाजता त्या व्हरांड्यात बर्फ घातलेला चहा घेऊन बसायचं. मी मधल्या खुर्चीवर बसायचो. एवढंच माझं सुख होतं, आणि ते मला पुरत होतं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी गावात एक अंत्यविधी होता. अशा वेळी चर्चच्या बायका घरच्या मंडळींसाठी जेवण करतात, म्हणून मर्ना सकाळीच हॅम आणि बटाट्याची थाळी घेऊन गेली होती. मी गुरुवारी गवत कापतो. आधी माझं अंगण, मग दोन्ही घरांपुढची पट्टी, मग तिच्या कुंपणाकडेने कोपऱ्यापर्यंत. बसून चालवायचं यंत्र आहे माझं, जुनं पण दमदार. कुंपणाशी पोचलो, तर समोर गुडघ्याच्या वर गेलेलं रान. एकतीस वर्षांच्या हाताने आपोआप पातं खाली केलं.

कापून झालं तेव्हा वास आला. उग्र, ओला, पाला चुरडल्यासारखा वास. मी मान वळवली, आणि मला मर्नाच्या मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी दिसली. तिच्यावर सात टाय. चिमण्यांनी घाण केली म्हणून तिने त्या दिवशी सकाळी धुतले होते.

आता कळलं ना? ते झाड मी टायवरून ओळखत होतो. टाय नाहीत म्हणजे माझ्यासाठी ते रस्त्याकडेचं तण. एकतीस वर्षांत मी तसली हजारो कापली असतील, आणि एकाचंही नाव विचारलं नाही.

यंत्र शेडमध्ये लावलं, दार ओढलं आणि घरात जाऊन बसलो. तिथेच, टेबलाशी, हात मांडीवर ठेवून. तिने गाडी लावली, ती कोपऱ्याकडे गेली, तिथे उभी राहिली, हे सगळं मी पडद्याआडून बघितलं. बाहेर जाऊन सांगायला वीस पावलं होती. मी गेलो नाही. भित्रा आहे मी, आणि हे मला त्या दिवशी शहात्तराव्या वर्षी समजलं.

चार वाजता मात्र गेलो. न जाणं म्हणजे कबूल करणंच होतं. मधल्या खुर्चीवर बसलो. मर्नाने चहा दिला.

“झाड बघितलंस?” ती म्हणाली.

“कुठलं?”

“माझ्याकडे किती झाडं आहेत, डेलमर?”

मी कोपऱ्याकडे बघितल्यासारखं केलं. “अरेरे. रॉस्को आला असेल. नोटिशीचं काम उरकायला.”

असं मी म्हणालो. त्या सज्जन माणसाचं नाव घेतलं. मर्नाने माझ्याकडे बघितलं, मग कुंपणाच्या कोपऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“ज्याने कोणी हे कापलं,” ती हळू म्हणाली, “त्याने माझ्या व्हरांड्यात पाऊल टाकायचं नाही.”

मी तिच्याच व्हरांड्यात, तिच्याच खुर्चीवर, तिचाच चहा पीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसायला लागलो. पाय जमिनीवर, बूड पायरीवर. व्हरांडा वर राहिला.

“वर का येत नाहीस?”

“गुडघा धरलाय.”

“गेल्या आठवड्यात छपरावर चढला होतास.”

“म्हणूनच धरलाय.”

तिने वाकून ग्लास खाली दिला. आणि रोज तसाच देत राहिली, पूर्ण उन्हाळा. तिला वाकताना कमरेत कळ यायची हे मला दिसत होतं. तरी मी मूग गिळून बसलो.

आणखी एक गोष्ट मला समजेना. रॉस्को मीटर वाचायला आला की मर्ना त्याला फळं भरून भाजलेली पीचची पाई खायला घालायची, मोठा तुकडा, वर आइस्क्रीम. मला मात्र नखाएवढा तुकडा, आइस्क्रीम नाही. ज्याच्यावर संशय त्याची अशी सरबराई? मी म्हटलं, ख्रिस्ती मन आहे तिचं, क्षमा करत असेल. मला तर त्या पाईचा वासही टोचायचा.

खुंटाला तिने पाणी घालणं बंद केलं होतं. “आता कशाला?” म्हणाली. टाय इस्त्री करून कपाटात ठेवून दिले. मी मात्र रोज सकाळी वर्तमानपत्र आणायच्या निमित्ताने त्या कोपऱ्याशी थांबायचो. जूनच्या शेवटी खुंटाच्या बाजूने हिरवे डोळे दिसले. एक नाही, दहा-बारा. जुलैच्या उन्हात आमच्याकडे गवत चुरचुरतं, कुत्री गाडीखाली झोपतात. त्याला थेंब पाणी नव्हतं, तरी ते वाढत होतं. मी कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर एवढी काळजी का, हेही सांगावं लागलं असतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते फुललं.

कंबरेएवढं, त्याहून वर नाही. वीसेक फांद्या, सगळ्या ताठ, आणि प्रत्येकीवर खालपासून वरपर्यंत निळं. फूल जवळून बघितलं मी, आयुष्यात पहिल्यांदा. खालची पाकळी पुढे आलेली असते, भुंगा तिच्यावर उतरतो, ती त्याच्या वजनाने वाकते आणि तो गेला की पुन्हा वर येते. दोन दिवस जोरदार वारा सुटला, पाऊसही झाला. एकही फांदी पदपथाकडे झुकली नाही.

त्या गुरुवारी चार वाजता रॉस्को मोजपट्टी घेऊन आला. पदपथापासून झाडापर्यंत अंतर मोजलं, दोनदा मोजलं.

“काकू, आता कोणाची काठीबिठी अडकायची नाही. मी तसं लिहून टाकतो. काय केलंत काय त्याला?”

“मी काहीच केलं नाही,” मर्ना व्हरांड्यातून म्हणाली. “जूनमध्ये कोणीतरी कापलं. डेलमर म्हणतो, तू कापलंस.”

रॉस्कोचा चेहरा एवढासा झाला. चाळिशीचा माणूस, पण शाळेत पकडल्यासारखा दिसला. “मी? काकू, देवाशपथ नाही. तुमची पाईसुद्धा खाल्ली मी. असं केलं असतं तर घशाखाली उतरली असती का? काका, तुम्ही बघितलंत मला?”

तो माझ्याकडे बघत होता. मी खालच्या पायरीवर. “बघितलं नाही, वाटलं” एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तोंड उघडलं तेही तेच म्हणायला. पण त्याचा तो चेहरा बघून मला स्वतःची किळस आली.

“मी कापलं,” मी म्हणालो. “रॉस्को, तुझं नाव मी उगाच घेतलं. मर्ना, मीच कापलं. टाय नव्हते, मला ओळखू आलं नाही. मग सांगायला घाबरलो.”

रॉस्कोने मोजपट्टी गुंडाळली. “बरं झालं सांगितलंत,” एवढं म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. नंतर मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, पण तो वेगळा विषय आहे.

मी उठलो. ग्लास पायरीवर ठेवला. “येतो,” म्हणालो. कुठे यायचं होतं देव जाणे.

“बस खाली,” मर्ना म्हणाली. “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“काय?”

“माझ्या रँचच्या फाटकाचा डावा खांब. तू यंत्र न्यायचास तेव्हा पातं लागू नये म्हणून त्याच्या डाव्या अंगाला चार बोटं गवत सोडायचास. दर वर्षी. उजवीकडे साफ, डावीकडे चार बोटं. मला वाटायचं कधीतरी तो ट्रॅक्टर थांबवून मीच कात्रीने कापावं. त्या दिवशी चर्चमधून आले आणि कोपऱ्यातला खांब बघितला. डावीकडे चार बोटं.”

एकतीस वर्षांच्या सरळ कापणीचा माझा सगळा तोरा त्या चार बोटांत उतरला.

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू बोलतोस का ते बघत होते. तीन महिने वाकून चहा दिला मी तुला, मेल्या. माझी कंबर गेली तुझ्या खरेपणापायी.”

मी हसलो, पण ती हसत नव्हती. ती झाडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच चाललं होतं.

“डेलमर, हे असंच उभं राहायचं,” ती म्हणाली. “तिकडे, फाटकापाशी. बरोबर एवढंच. मला वाटायचं तिथली खडकाळ माती, आजूबाजूच्या गवताचा आधार. पण तसं नव्हतं.”

“मग?”

“गोऱ्हे.”

आणि मलाही आठवलं. आमच्याकडे एप्रिलात टेकड्या जाळतात, राखेतून कोवळं गवत येतं आणि मग ट्रक भरभरून गोऱ्हे चरायला आणतात. प्रवासाने शिणलेले गोऱ्हे हार्लन आधी फाटकाजवळच्या त्या कुंपणात सोडायचा, तीन आठवडे, पाणी जवळ म्हणून. मग टेकडीवर. ते तीन आठवडे सगळं भुईसपाट व्हायचं. मी मे महिन्यात त्या रस्त्यावर असायचो. ट्रॅक्टरच्या आवाजातूनही मला मर्नाचं ओरडणं ऐकू यायचं. “हार्लन! तुझ्या जनावरांनी माझी फुलं खाल्ली! एवढी दुनियाभर जमीन पडलीय, आणि तुला इथेच सोडायची असतात?” आणि हार्लन कुंपणावर हात टेकून, तोंडात गवताची काडी, दर वर्षी एकच उत्तर द्यायचा. “येतील गं. येतील.”

“चाळीस वर्षं,” मर्ना म्हणाली. “चाळीस वर्षं मी त्या माणसाला दर मे महिन्यात घालूनपाडून बोलले. म्हणायचे, तुला गुरांपलीकडे काही दिसत नाही. बायकोची हौस म्हणजे तुला कचरा. आणि दर सप्टेंबरात ती फुलं उभी राहायची ना, तेव्हा मी म्हणायचे, बघ, तू एवढं करूनही आली.” तिचे डोळे भरले. “तू केलंस म्हणून आली, असं एकदाही म्हटलं नाही मी.”

“त्याला माहीत असेल का? का नुसतं पाणी जवळ होतं म्हणून?”

“तेच तर विचारायला हवं होतं.” तिने बाहीने डोळे पुसले. “इथे आणून मी त्याला खत घातलं, पाणी घातलं, लाडाने पार आडवं पाडलं. आणि त्याला ज्याची गरज होती ते तू केलंस, तेही न कळता.”

भुंग्यांचा आवाज येत होता.

“डेलमर,” ती शेवटी म्हणाली, “गुडघा कसा आहे?”

“बरा आहे.”

“मग वर ये. चहातला बर्फ वितळला.”

मी तीन पायऱ्या चढून गेलो आणि मधल्या खुर्चीवर बसलो. खरं सांगतो, चर्चमध्येही मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी मी तिला टेकडीवरच्या स्मशानात घेऊन गेलो. तिने फुलं खुडून नेली नाहीत, ती वाटेतच माना टाकतात म्हणाली. हार्लनच्या थडग्याच्या दगडापाशी मी टोपी काढून दूर उभा राहिलो, पण ती जे म्हणाली ते वाऱ्याने माझ्यापर्यंत आणलं. “गोऱ्ह्यांबद्दल मी चुकले होते,” एवढंच. मग वळून मला हाक मारली. “ये, तूही सांग त्याला काय केलंस ते.” मीही सांगितलं. दगडासमोर टोपी हातात धरून.

यंदा जूनच्या पहिल्या गुरुवारी मी यंत्र बाहेर काढलं. माझं अंगण झालं, पट्टी झाली. मर्नाच्या कुंपणाशी वळलो, तर ती कोपऱ्यात उभी. झाड गुडघ्याच्या बरंच वर गेलेलं, हिरवंगार, नुकतं कुठे अंगाने भरलेलं. मी यंत्र थांबवलं. मागच्या खेपेला निदान अजाणता झालं होतं.

तिने हात पुढे करून पोटरीपाशी धरला. “इथपर्यंत. आणि त्या डाव्या अंगाची चार बोटंही काढ यंदा.”

मी पातं वर उचललं, पण यंत्र पुढे घेईना. “मर्ना, नक्की ना? नाही आली फुलं तर?”

तिने कुंपणावर हात टेकला. तोंडात गवताची काडी नव्हती, एवढंच.

“येतील रे,” ती म्हणाली. “येतील.”